मानद व्यवस्थापक आणि तूस

नाव: दादा (बहिणीच्या तोंडचे, अन्यत्र नोंद नाही). वय: निवृत्तीस पात्र, व त्याप्रमाणे निवृत्त. पूर्वपद: सरकारी गोदामातील भांडारपाल. विद्यमान पद: मानद व्यवस्थापक, भाजीपाला व कुक्कुटपालन, नियुक्ती करणारा अधिकारी: स्वतः. मुक्काम: कोंबड्यांच्या शेडला लागून असलेली खाद्याची खोली, पोत्यांसह. मुदत: पावसाळा संपेपर्यंत. ओळखीची खूण: गळ्यात शिट्टी नाही, पण असल्यासारखा चालतो.

मुदतीचं कलम धाकट्या बहिणीचं. बायको गेली, नोकरी संपली, सरकारी घर सोडावं लागलं, तेव्हा दादा ट्रंक घेऊन तिच्या मळ्यावर आला. ती म्हणाली, “पावसाळाभर राहा दादा. मग बघू.” हा शेरा त्याने स्वतः जन्मभर लोकांच्या अर्जांवर मारला होता. त्यामुळे त्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उतारावर बहिणीचे टोमॅटो, काकडी आणि पालकाचे वाफे होते. वरच्या अंगाला कोंबड्यांची शेड, जमिनीवर भाताचं तूस अंथरलेलं. बहीण रोज सकाळी त्या तुसावर मूठ मूठ दाणे भिरकावायची आणि कोंबड्या दिवसभर ते उकरत बसायच्या. दादाला ते बघवायचं नाही.

“दाणे जमिनीवर? गोदामात असं केलं असतं तर माझी चौकशी लागली असती.”

“कोंबड्यांनी तक्रार केली का?”

“त्यांना काय कळतंय!”

“मग चौकशी कोण लावणार?”

पण पावसाने जोर धरला, वाफ्यांत पाणी तुंबू लागलं, आणि बहीण दिवसभर फावडं घेऊन चर मोकळे करण्यात अडकली. कोंबड्या आपसूक दादाच्या ताब्यात आल्या. त्याने प्लास्टिकचे पाइप उभे चिरून पन्हळी केल्या, तारेने टांगल्या आणि सगळे दाणे त्यांत भरले. खाली कण सांडेना. कोंबड्या रांगेत उभ्या राहून जेवायच्या आणि मग बसून राहायच्या. हे दृश्य पाहून दादाला नोकरीतल्या बऱ्या दिवसांची आठवण झाली.

मग तूस कोंबड्यांच्या विष्ठेने चिकटून त्याची चटई झाली. शेडमध्ये पाऊल टाकलं की उग्र वासाने डोळे झोंबायचे. अंडी घटली, कोंबड्यांच्या छातीत घरघर सुरू झाली, आणि मग त्या मरू लागल्या.

“हवा दमट आहे,” दादा म्हणाला.

“दर पावसाळ्यात दमटच असते. असं कधी झालं नव्हतं.”

भाजी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला ती म्हणाली, “पाऊस संपला की कोंबड्या काढून टाकते. ती शेड नको न् ती खोली नको. नुसती भाजी करते.”

“आणि दादांचं काय?”

“तू क्रेट नीट लाव.”

खोलीचं दार उघडंच होतं. दादाने सगळं ऐकलं आणि ट्रंकेवरची धूळ उगाचच पुसली.

पुढे एका सकाळी त्याला दिसलं, की उंदराने पोतं कुरतडलंय आणि दाण्याची धार दाराखालून शेडमध्ये गेलीय. ज्या कोंबड्यांना अजून उभं राहवत होतं त्या सगळ्या त्या कोपऱ्यात तुटून पडल्या होत्या. संध्याकाळी तिथलं तूस भुसभुशीत, कोरडं. त्याने मूठभर उचलून हुंगलं. वास नाही. बाकी शेड मात्र तशीच चिकट.

दादा भांडारपालाच्या शिस्तीने विचार करू लागला, म्हणजे आधी दोषी कोण ते शोधू लागला. संशयित दोघेच उरले, उंदीर आणि तो. उंदीर सन्मानाने सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याने पन्हळी उतरवल्या, फावड्याने चटई खरवडून काढली, नवं तूस पसरलं आणि वाकून, अंग चोरून, दाणे जमिनीवर फेकले. बहीण भिजून चिंब होऊन आली.

“पन्हळी कुठे गेल्या?”

“काढल्या. चुकलं माझं. दाण्यासाठी त्या उकरतात, उकरतात म्हणून तूस खालीवर होतं नि वाळतं. मी उकरणंच बंद पाडलं.”

बहिणीने फावडं भिंतीला टेकवलं. “अस्सं होय! मला वाटायचं, सासूबाईंना भांडी घासायचा कंटाळा, म्हणून त्या जमिनीवर टाकायच्या. मी आपलं तेच चालू ठेवलं.”

“आणि मला बोलत होतीस!”

“तू पाइप चिरलेस. मी निदान काही चिरलं नाही.”

घरघर हळूहळू थांबली. गेलेल्या कोंबड्या गेल्याच, पण उरलेल्या पुन्हा अंड्यावर आल्या. पन्हळींत बहिणीने माती भरून पालक पेरला. तोही निम्मा कुजला.

पाऊस थांबून आता बरेच दिवस झाले. मुदतवाढीचा कोणताही आदेश निघालेला नाही, व्यवस्थापकपदाबाबत पत्रव्यवहार झालेला नाही, आणि ‘मग’ काय बघायचं हा मुद्दा कुणी पुन्हा काढलेला नाही. मात्र बहिणीने टेम्पोवाल्याला हाताशी धरून खोलीतली खाद्याची पोती पडवीत हलवली आहेत.