पाटी लावलेली असताना

गस वॉर्निके म्हणतो की आमच्या नेमबाजीच्या क्लबात कुणाचाच आवाज माझ्यापासून सुरक्षित नाही. खरंच आहे ते. गस रेंजवर हुकूम देतो ना, तो नाकातून देतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दार ढकलल्यासारखा जोर लावतो. "उजवी बाजू तयाऽऽर? डावी बाजू तयाऽऽर?" एकदा तो बाथरूममध्ये असताना मी हे त्याच्या आवाजात म्हटलं, आणि सहा म्हाताऱ्यांनी मुकाट्याने कानांवर झाकणं चढवून पिस्तुलं उचलली. गस पट्टा आवळत धावत आला. "कोण बोललं? मी बोललो?"

माझी आई म्हणते, केंड्रा, एक दिवस हे अंगाशी येईल. आई हे म्हणते तोही आवाज मला येतो.

पण मला सांगायचंय ते मिस्टर डीट्झबद्दल. ऑरलंड डीट्झ, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या मागच्या अंगणाला लागून त्यांचं अंगण, मध्ये कुंपण नाही, फक्त त्यांच्या रूबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या भाजीचा, वाफा. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या धान्यकोठारावर ट्रक तोलले. मक्याने भरलेला ट्रक काट्यावर चढला की ते आकडा बघायच्या आधी टायरांकडे बघून वजन सांगायचे आणि मग आकडा बघून स्वतःवर रागवायचे, कारण थोडं चुकलेलं असायचं. बोलणं असं, की दोन शब्दांच्या मध्ये तुम्ही सँडविच करून खाऊ शकता. "घाई... कुणाला... आहे?" हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणालाच नसायची, कारण ते समोर असताना घाई करताच येत नाही.

तोच काटेकोरपणा त्यांच्या शेडमध्येही, आणि निवृत्त झाल्यावर तर तो सगळाच तिथे गेला. स्पर्धेची काडतुसं ते स्वतः भरतात. दुकानातलं काडतूस म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा बूट. आपल्या बंदुकीला काय मानवतं, ते तिलाच विचारायला हवं. त्यांच्या जुन्या अडतीस बोअरच्या रिव्हॉल्वरला विचारायला त्यांना तीन वर्षं लागली. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, मापायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवीन टोपी बसवायची, पावडर टाकायची, वर सपाट तोंडाची शिशाची गोळी बसवायची. दहा काडतुसं झाली की बंदूक शिकंज्यात आवळायची, म्हणजे हाताचा दोष मध्ये येत नाही, आणि पन्नास यार्डांवरच्या कागदावर दहा बार. सुरुवातीला दहा भोकं बशीएवढ्या जागेत पडायची. मग कपाच्या बुडाएवढ्या. शेवटी शेवटी मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखाली दहाही झाकली जायची. ते सगळे कागद शेडच्या भिंतीवर तारखेनिशी टाचलेले आहेत.

"एका वेळी... एकच गोष्ट बदलायची," ते मला सांगायचे. मी पंधराची झाल्यावर क्लबात नेम शिकायला लागले, तेव्हापासून सांगायचे. "पावडर बदललीस, तर गोळी तीच. गोळी बदललीस, तर पावडर तीच. दोन्ही बदललंस, तर दोष कुणाचा... हे देवालासुद्धा कळणार नाही."

म्हणून त्यांच्या वहीत दर पन्नास काडतुसांना एक ओळ असते आणि ओळीच्या शेवटी एक रकाना: बदल. त्यात बहुतेक वेळा 'काही नाही' असं लिहिलेलं असतं. ते लिहिताना ते जितके खूश दिसतात, तितके बक्षीस घेतानासुद्धा दिसत नाहीत.

शेडच्या दाराला एक पाटी आहे. पांढरी फळी, वर लाल अक्षरं: 'पावडर चालू. बोलू नका.' पावडर टाकायला बसताना पाटी उलटून अक्षरं बाहेर केली की झालं. पाटी लावलेली असताना गससुद्धा बाहेर उभा राहून सिगरेट पीत थांबतो. कुणी चुकून बोललंच, तर मिस्टर डीट्झ शिवी देत नाहीत. समोरच्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांतली पावडर डब्यात ओततात आणि पहिल्यापासून सुरू करतात. शिवी बरी.

मिसेस डीट्झ, म्हणजे इर्मा, गेल्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. त्यांचा आवाज मला लहानपणापासून तोंडपाठ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या हाक मारायच्या: "ऑऽरलंड! कॉफी गार होतेय, ऑऽरलंड!" नावाची सुरुवात खालच्या सुरात, शेवट वरच्या, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यात थोडं हसू. तो आवाज काढणं सोपं नाही. हिवाळाभर मी घरी करून बघत होते आणि दरवेळी हसू कुठेतरी सांडायचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भांडी घासताना, ते अचानक जमलं. आई आधी हसली, मग टॉवेल तोंडाला लावून बाहेर गेली.

जमलेला आवाज माझ्या पोटात राहत नाही. हे कारण नव्हे, मला माहीत आहे. पण खरं तेच आहे.

त्याच दुपारी मी त्यांचा केकचा पत्र्याचा डबा परत द्यायला गेले. शेडच्या दारावर पाटी होती. ती मला दिसली नाही असं मी लिहू शकले असते. दिसली. वाचली. मी शेडच्या बाजूने खिडकीखाली गेले. आत त्यांची पाठ दिसत होती, डावीकडच्या भोकांच्या फळीतून पुंगळी उचलायची, पावडरीच्या मापाखाली धरायची, उजवीकडच्या फळीत ठेवायची. त्यांची मान त्या लयीत अगदी थोडी हलत होती.

आणि मी हाक मारली. दोन्ही वेळा, हसूसकट.

त्यांचा हात हवेत थांबला. ते खिडकीकडे वळलेच नाहीत. घराकडे वळले. मी खाली बसले, तोंडावर हात दाबून, पोटात हसू फुटत होतं. मग आतून आवाज आला. हळू, पण मध्ये एकही थांबा नसलेला.

"आलो गं."

माझं हसू तिथेच मेलं. डबा पायरीवर ठेवला आणि मी रूबार्बच्या वाफ्यातून घरी पळाले.

चार दिवसांनी गुरुवारी क्लबची हिवाळी स्पर्धा होती. मिस्टर डीट्झ माझ्या डावीकडच्या जागेवर. सावकाश फेरी त्यांनी नेहमीसारखी मारली, दहा भोकं निशाणाच्या काळ्या वर्तुळात. मग वीस सेकंदांत पाच बार. गसने हुकूम दिला. धडाम, धडाम, आणि मग...

पुक.

कानांवर झाकणं असली तरी मला आवाज कळतात. तो बार नव्हता. टोपी उडाली होती, पण मागे पावडरच नव्हती. म्हणजे गोळी नळीत अर्ध्यावर अडकलेली, आणि मिस्टर डीट्झच्या अंगठ्याने सवयीने पुढच्या बारासाठी घोडा ओढलासुद्धा होता. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी गेली की नळी फुटते, हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. माझा स्वतःचा आवाज उंदरासारखा. त्या गोंगाटात त्याला कुणी विचारलं नसतं. म्हणून मी गसचा काढला.

"बार थांबवाऽऽ! सगळ्यांनीऽऽ!"

अख्खी रांग थिजली. मिस्टर डीट्झचं बोट चापावरून सुटून बाहेर आलं. गसचं तोंड उघडंच राहिलं, कारण ते उघडायच्या आधीच हुकूम सुटला होता.

गसने रिव्हॉल्वर रिकामं केलं आणि नळीत पितळी गज घातला. गज अर्ध्यावर थांबला. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि माझ्या पाठीवर थापा पडायला लागल्या.

"पोरीने वाचवलं हो तुला, ऑरलंड!"

"माझा आवाज चोरते म्हणून मी रोज कुरकुरतो," गस म्हणाला. "आजपासून तो तिचा. मी मुका होतो."

"तेवढं कर," मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांवर उपकार होतील."

सगळे हसले. मिस्टर डीट्झने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुझे कान... चांगले आहेत, पोरी," ते म्हणाले. घरी आल्यावर मी जेवले नाही. आईला वाटलं, घाबरले असेन.

पुढच्या गुरुवारी ते क्लबात आले नाहीत. गस म्हणाला, ऑरलंडने सोडलं. चाळीस वर्षं एकदाही न चुकवलेली, जुलैत तळ्याकाठी पेरीला होणारी मोठी स्पर्धासुद्धा यंदा नाही. कोलंबस शहरातून त्यांचा मुलगा रॉय शनिवारी येतोय, बापाला घेऊन जाणार, तिथल्या इमारतीत. तिथे बंदूक चालत नाही आणि शेडही नाही.

"हात म्हातारे झाले म्हणतो," गस म्हणाला, आणि त्या दिवशी नाकातून बोललाच नाही.

शनिवारी सकाळी मिस्टर डीट्झने मला शेडमध्ये बोलावलं. भिंतीवरचे कागद काढून झाले होते, फक्त टाचण्यांची भोकं उरली होती. काडतुसं दाबायचं प्रेस खोक्यात. टेबलावर पावडर तोलायचा तो छोटा काटा, कापडात गुंडाळलेला.

"हा तुला," ते म्हणाले. "तुझे कान आहेत. डोळेही होतील."

"मला नको, मिस्टर डीट्झ."

"गसला काय करायचाय? तो तर... पाव किलो आणि अर्धा किलो एकच समजतो."

"तुम्ही का सोडताय?"

ते स्टुलावर बसले. "मी सगळं तपासलं. पावडर तीच. टोप्या त्याच. पुंगळ्या त्याच, गोळी तीच. माप ठरल्यापासून काही... बदललेलं नाही." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्या पन्नासांची ओळ होती. बदलाच्या रकान्यात एकच शब्द: ऑरलंड.

"त्या दिवशी मला इर्माने हाक मारली," ते म्हणाले. "इथे, भरदिवसा. मी 'ओ' दिली. मग आठवलं. नंतर बॅटरी घेऊन पुंगळ्यांत बघितलं, नेहमी बघतो तसं. पण डोळ्यांत पाणी असल्यावर... काय दिसणार? ओतून टाकायला हवं होतं सगळं. उठलो असतो तर घरात गेलो असतो. म्हणून उठलो नाही. ज्याला मेलेली बायको हाक मारते, त्याने पावडरीला हात लावू नये. रॉयला हे नको सांगूस."

मला वाटतं मी तेव्हा 'हो' म्हणून काटा घेऊन घरी जाऊ शकले असते. सगळे मला वाचवणारी म्हणत राहिले असते.

"ती मी होते," मी म्हटलं.

"काय?"

"हाक. खिडकीखाली. मी मारली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं. "पाटी होती?"

"होती."

"वाचलीस?"

"वाचली."

एवढं विचारून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"ती पाटी इर्माने रंगवली," ते शेवटी म्हणाले. "एकेचाळीस वर्षांपूर्वी. खिडकीतून तिला दिसायची. पाटी असली की ती माझी कॉफी स्वतः प्यायची आणि नवीन करायची. पण हाक नाही. एकदाही नाही. तिच्या बापाचं घर पेटलं होतं, तेव्हासुद्धा ती दारात येऊन उभी राहिली. मी माप ठेवेपर्यंत." त्यांनी चष्मा घातला. "पाटी लावलेली असताना हाक आली. मला तेव्हाच... कळायला हवं होतं."

"सॉरी, मिस्टर डीट्झ."

"हं." मग वहीवर हात ठेवून, "मला बरं वाटलं होतं. तेवढंच."

याच्यावर सॉरी म्हणता येत नाही. मी प्रयत्न केला, आवाजच आला नाही. माझासुद्धा नाही.

त्यांनी खोक्यातून एक हातोडा काढला. प्लास्टिकचा, डोक्यात पोकळी असलेला. त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी सुटते आणि पावडर बाहेर येते. मग कपाटातून त्या पन्नासांपैकी उरलेली सदतीस काढली.

"बस," ते म्हणाले.

मी आपटत होते. ते तोलत होते. ठक, ठक, मग काट्याची सुई, मग पुढचं. एक बरोबर. दुसरं बरोबर. रॉयची गाडी आली, हॉर्न वाजला, ते उठले नाहीत. रॉय दारात आला. "बाबा, निघायचं ना?"

"घाई... कुणाला... आहे?"

अठ्ठाविसाव्या काडतुसाची पावडर काट्यावर पडली आणि सुई पार खाली गेली. त्यांनी ती कागदावर ओतली. शेजारी सत्ताविसाव्याची. दोन ढीग. एक दुसऱ्याच्या दुप्पट. एका पुंगळीत काहीच नव्हतं आणि हिच्यात दोनदा पडलं होतं. हे काडतूस त्या गुरुवारी रिव्हॉल्वरमध्ये असतं, तर नळीच काय, त्यांचा हात राहिला नसता. आणि त्यांच्या उजवीकडे मी उभी होते.

त्यांनी ते दोन ढीग मला पुरेसा वेळ बघू दिले. रॉयलाही काहीतरी कळलं असावं, कारण तो मुकाट्याने उलट्या बादलीवर बसला.

सदतीसही झाल्यावर मिस्टर डीट्झने पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि वही उघडली. मी 'ऑरलंड' खोडलं. शेजारी 'केंड्रा' लिहिलं. ते त्यांनी वाचलं, तारीख टाकली, पान मिटलं.

"रॉय," ते म्हणाले, "ते प्रेसचं खोकं इकडे दे. आणि टाचण्या त्याच भोकांत लावायच्या आहेत... तेव्हा हात धुऊन ये."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आजपर्यंत नाही. काटाही मला दिला नाही. कापड काढून पुन्हा आपल्या टेबलावर ठेवला. जुलैत पेरीला गेले, चौदावे आले, आणि गसला म्हणाले की तळ्यावरून वारा होता.

मी गुरुवारी अजून गसचा आवाज काढते, लोक मागतात म्हणून. इर्माचा मला अजून येतो, हसूसकट. तो मी घरात एकटी असतानासुद्धा काढत नाही. पाटी लावलेली असली की मी रूबार्बपाशी थांबते. कधी कधी बरीच थांबते.