दस्तगीर मास्तर आणि त्यांचे कॉर्नेट

दस्तगीर मास्तरांची आणि माझी पहिली भेट माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात झाली. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. शेळगावात आमच्या दारात मांडव पडला होता आणि बारामतीहून मास्तरांचा बँड आला होता. नवरदेव तयार, घोडा तयार. पण नवरदेवाचे मामा कुठल्याशा एस.टी.त अडकले होते आणि त्यांच्यावाचून मिरवणूक हलणार नव्हती. बँडवाले लिंबाखाली टेकले. तेवढ्यात मास्तरांनी आपला कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ, ओठाला लावला आणि सगळ्यांच्या तोंडी असलेले एक लग्नातले गाणे हळूच सुरू केले. दुसऱ्या ओळीला ते गाणे ओळखू येईना. सूर खाली घसरले, मधेच थबकले, तालाच्या जरा मागून चालू लागले.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक. हार्मोनियमवर प्रार्थना बसवण्याइतके सूर मला कळतात. मी जवळ जाऊन विचारले, "मास्तर, चाल चुकली का काय?"

त्यांनी कॉर्नेट खाली घेतला आणि हसून म्हणाले, "चुकली न्हाय गुरुजी. जरा फिराय गेलीया. ईल परत."

आणि खरेच, थोड्या वेळाने ते गाणे अंगणात परत आले, पण कुठे कुठे हिंडून, चार लोकांना भेटून आल्यासारखे. मामा आले, मिरवणूक निघाली, लग्न लागले. माझ्या कानात मात्र ते फिरून आलेले गाणेच राहिले. त्या प्रकाराला जॅझ म्हणतात हे मला पुढच्या रविवारी कळले. मी बारामतीला त्यांच्या घरी गेलो होतो. तेव्हापासून आजवर मी त्यांच्या घरी जातोच आहे. त्यांनीच माझ्या हातात क्लॅरिनेट दिली, त्यांनीच ती माझ्याकडून वाजवून घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताला उभे राहण्याचा मान मला दिला. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे आमच्या सत्कार समितीने सुचवले, तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही.

मास्तरांचा जॅझशी संबंध कसा आला, हे अनेकांना ठाऊक नसेल. तरुणपणी पोटासाठी ते पुण्याला कॅम्पात गेले आणि वाद्यांच्या एका दुकानात कामाला राहिले. तिथे डिकॉस्टा नावाचे एक गोव्याचे वादक येत. संध्याकाळी ते हॉटेलात वाजवत आणि दिवसा या दुकानात येऊन मास्तरांना शिकवत. नोटेशन वाचायला त्यांनी शिकवले, आणि वाचलेले बाजूला ठेवून वाजवायलाही त्यांनीच शिकवले. पुढे हॉटेलातली ती नाचगाणी कमी झाली. डिकॉस्टा गावी परतले. जाताना त्यांनी आपला चांदीचा मुलामा दिलेला विलायती कॉर्नेट मास्तरांच्या हवाली केला. "विकायचा नाही आणि कपाटात ठेवायचा नाही," एवढीच अट घातली. मास्तर तो घेऊन बारामतीला आले आणि त्यांनी बँड उभा केला. लग्नसराईत लोकांना हवे ते वाजवायचे आणि मधल्या मोकळ्या जागांत स्वतःला हवे ते, असा त्यांचा शिरस्ता.

त्यांच्या वाद्यांविषयी लिहायला मला स्वतंत्र लेख लागेल. आज त्यांच्याकडे तीन कॉर्नेट आहेत. पहिला हा विलायती. बोटे जिथे टेकतात तिथला मुलामा उडून आतले पितळ उघडे पडले आहे, आणि ती जागा मास्तरांच्या हाताच्या मापाची झाली आहे. दुसरा मेरठचा, झगझगीत पितळी, लग्नातल्या धुळीला आणि गुलालाला न घाबरणारा. तिसरा त्यांनी स्वतः दोन मोडक्या वाद्यांतून जोडलेला. त्याची नळी एका रंगाची आणि कर्णा दुसऱ्या रंगाचा. पण आवाज असा मऊ, की मी हट्टाने तोच वाजवायला सांगतो.

ट्रंपेट का घेत नाही, असे एकदा मी त्यांना विचारले. ट्रंपेट लांब, दिसायला रुबाबदार, आवाजही तिखट. मास्तर म्हणाले, "ट्रंपेट हाक मारतो गुरुजी. कॉर्नेट गप्पा मारतो. मला हाका माराय आवडत न्हाय." मग त्यांनी दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून दाखवली. कॉर्नेटची नळी आखूड वेटोळ्यात वळलेली आणि तोंडापासून कर्ण्यापर्यंत हळूहळू रुंदावत गेलेली. म्हणून त्याचा सूर गोल येतो. कर्ण्यापुढे ते कधी जुनी फेल्ट हॅट धरतात, कधी स्टीलचा वाडगा. वाडग्याची उघडझाप केली की कॉर्नेट कुरकुरतो, हसतो, लाडात येतो.

ही वाद्ये धुण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. कोमट पाणी, मलमलीचे फडके, बोटांखालच्या पिस्टनला तेलाचा थेंब. मास्तरांच्या पत्नी आमिनाभाभी एकदा मला म्हणाल्या, "माझी भांडी कशीबी पडू द्या, ह्येंचं काय न्हाय. पर ह्या तीन भांड्यांस्नी जावयावानी जपत्यात."

बँडवाल्याच्या मानाविषयीही मास्तर तितकेच दक्ष. एका गावच्या लग्नात मिरवणूक थाटात झाली. पंगत बसली, तेव्हा बँडच्या माणसांची पाने मागे गोठ्याकडे मांडली होती. आम्ही नाइलाजाने तिकडे वळलो. मास्तरांनी कॉर्नेट पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि यजमानांपुढे जाऊन आवाज न चढवता म्हणाले, "आबा, मिरवणुकीत आमी नवरदेवाच्या म्होरं चालतो. मग जेवताना जनावरांच्या मागं कसं काय?"

यजमान मोठे शेतकरी होते. ते क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांनी स्वतः हात धरून मास्तरांना पंगतीत नेले आणि आपल्या शेजारी बसवले. बुंदी वाढायलाही स्वतःच उठले. पुढे त्याच यजमानांच्या घरची दोन लग्ने आम्ही वाजवली आणि पाने कुठे मांडायची हा प्रश्न पुन्हा आला नाही. राग न धरता माणसाला त्याची चूक दाखवण्याची ही हातोटी मी वर्गात वापरून पाहतो. मला ती निम्मीही साधत नाही.

आता त्या प्रसंगाविषयी लिहितो, ज्यामुळे हा ग्रंथ निघेल की नाही अशीच शंका होती. काही वर्षांपूर्वी मास्तरांचे वरचे पुढचे दात हलू लागले. कॉर्नेट वाजवणाऱ्याचा सारा कारभार ओठांवर, आणि ओठांना आधार त्या दातांचा. मास्तरांनी कुणाला सांगितले नाही. भिगवणच्या एका लग्नात वरचा सूर फाटला, वारा बाहेर सुटला आणि मास्तरांनी ती ओळ माझ्याकडे ढकलली. मी क्लॅरिनेटवर ती कशीबशी पुरी केली. परतताना टेम्पोत त्यांनी मला हलणारे दात दाखवले.

बारामतीत एक तरुण दंतवैद्य बाई आहेत. त्यांनी तपासून सांगितले, चार दात काढावेच लागतील. मास्तरांनी विचारले, "त्यानंतर वाजवता ईल?"

"खोटी आशा दाखवणार नाही काका," बाई म्हणाल्या. "मी आजवर खाण्यासाठी दात बसवलेत. वाजवण्यासाठी कधी बसवले नाहीत."

दात काढले. हिरड्या भरेपर्यंत ओठाला कॉर्नेट लावायची बंदी होती. एके दिवशी भाभींचा निरोप आला म्हणून गेलो. त्या दारातच म्हणाल्या, "गुरुजी, कुणी गेल्यावानी घर गप झालंय. तुमी तरी बोला त्यांच्याशी."

मास्तर खाटेवर बसले होते. म्हणाले, "गुरुजी, आता बँड तुमी बघा." त्यांच्या तोंडून असे काही कधी ऐकले नव्हते. मी क्लॅरिनेट काढली आणि त्यांनीच शिकवलेली, माझ्या बहिणीच्या लग्नातली ती चाल वाजवू लागलो. फिरायला गेलेली चाल मला परत आणता येईना. मी वाट चुकलो. मास्तरांना राहवेना. "तसं न्हाय, तसं न्हाय," म्हणत त्यांनी बोळक्या तोंडाने गाऊनच दाखवायला सुरुवात केली. दात नसल्यामुळे प्रत्येक 'त'चा 'फ' होत होता. चाल अगदी जाग्यावर आली, पण तिचा आवाज असा काही विलक्षण निघाला, की आधी भाभी पदराआड हसल्या, मग मी, आणि शेवटी मास्तर स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसणे ओसरल्यावर म्हणाले, "डोक्यातलं काय पडल्यालं न्हाय अजून. नुसतं तोंडातलं पडलंय."

कवळी तयार झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावले, "येताना वाद्य घेऊन या." मास्तर कॉर्नेट घेऊन दवाखान्यात गेले. मी सोबत होतो. पहिल्या फुंकीलाच कवळी सरकली. बाईंनी ती काढली, घासली, पुन्हा बसवली. पुन्हा फुंकले, पुन्हा सरकली. असे कित्येक दिवस चालले. बाई कान देऊन ऐकत आणि विचारत, "आता वारा कुठून सुटतोय?" मास्तर बोटाने जागा दाखवत. बाहेर बाकावर गाल धरून बसलेले रुग्ण आधी दचकत, मग माना डोलावू लागत. कळंबच्या एक म्हातारबाई आत डोकावून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, ह्येंचं सावकाश हू द्या. माझा दात ठणकायचा थांबलाय."

पुढचे महिने मास्तर पहाटे फटफटल्यावर कालव्याच्या भरावावर जात आणि एकेक सूर लांबवत बसत. ज्याने बारामती-इंदापुरातली निम्मी लग्ने वाजवली, तो माणूस नवशिक्यासारखा 'सा' घोटत होता. फिरायला येणारे लोक थांबून विचारत, "मास्तर, गाणं कधी सुरू करणार?" ते मान हलवून पुन्हा तोच सूर धरत. वरचे सूर पूर्वीइतके सहज येणार नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि त्यावर रडत न बसता ते खाली उतरले. कमी सूर, जास्त मोकळी जागा. माझे प्रामाणिक मत असे, की या काळानंतरचे त्यांचे वादन आधीपेक्षा अधिक गहिरे झाले आहे.

आणि मग शेळगावची जत्रा आली. आमचे घराणे एके काळचे मेंढपाळ; माझे चुलते बिरूआबा अजून जत्रेत ढोल गळ्यात अडकवतात. मास्तरांनी पुन्हा लोकांपुढे वाजवावे अशी माझी इच्छा होती. पण लग्नात वाजवायला त्यांचे मन धजत नव्हते. "भर मांडवात कवळी पडली तर?" असे ते म्हणत. मी त्यांना नुसते जत्रेला बोलावले. ते भाभींसह आले, आणि येताना तो तिसरा, जोडकामाचा कॉर्नेट घेऊन आले. सायंकाळी ढोल घुमू लागला, माणसे रिंगण धरून नाचू लागली. मास्तर बराच वेळ पायाने ताल धरून उभे होते. मग ते आबांजवळ गेले.

आबांनी विचारले, "कंचं गाणं लावू?"

"गाणं न्हाय आबा. तुमी चालत ऱ्हावा. मी मागनं येतो."

आबांनी ढोल धरला. मास्तरांनी दोन आवर्तने सोडून दिली आणि मग एकच खालचा सूर ठेवला. थांबले. पुन्हा तोच सूर, जरा वाकवून. माझे हात क्लॅरिनेटवर होते, पण मी वाजवलेच नाही; मला फक्त त्यांच्या ओठांकडे बघायचे होते. ढोल पुढे, कॉर्नेट मागे. मग कॉर्नेट बाजूने निघाला, रिंगणाबाहेर गेला आणि आबांच्या पुढच्या ठोक्यावर नेमका आत आला. नाचणाऱ्यांनी आरोळी ठोकली. मास्तरांचा चेहरा असा फुलला, की ते पुढे कितीतरी वेळ थांबलेच नाहीत. बायकांत बसलेल्या आमिनाभाभींनी मला खुणेने विचारले, "ठीक हाय का?" मी हात वर केला.

ढोल खाली ठेवून आबा म्हणाले, "मास्तर, ह्ये तुमचं वाजवणं मेंढरं राखल्यावानी हाय. लांब जाऊ द्यायचं, पर नजर सोडायची न्हाय."

मास्तरांनी आबांचे हात हातात घेतले. "आबा, आमच्या डिकॉस्टा सरांस्नी ह्येच म्हनायचं व्हतं. त्येंला मराठी येत नव्हतं."

त्यानंतरच्या लग्नसराईत मास्तर पुन्हा बँडपुढे उभे राहिले. आता ठिकठिकाणी कॅसिओ आणि भोंग्यांच्या गाड्या आल्या आहेत. बँड कमी झाले. मास्तरांना त्याची खंत आहे. पण ते कुणाला नावे ठेवत नाहीत. त्यांच्या घरी रविवारी दुपारी आमची बैठक बसते. कोणीही यावे, कोणतेही वाद्य आणावे. मशिदीजवळच्या सायकल दुकानाचे मालक बाजाची पेटी घेऊन येतात, साखर कारखान्यातले एक फिटर बँजो आणतात. डॉक्टरीणबाई ऐकायला येतात आणि चहा झाल्यावर मास्तरांची कवळी तपासूनच परत जातात.

सत्काराचे सांगायला आम्ही समितीचे लोक गेलो, तेव्हा मास्तरांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. शाल, श्रीफळ, मानपत्र, पाहुण्यांची भाषणे, गावातून मिरवणूक. मग त्यांनी एकच विचारले, "मिरवणूक हाय म्हंजी बँड लागंल. कुनाचा सांगितलाय?"

खरेच, ते कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. "मास्तर, सत्कार तुमचा," मी चाचरत म्हणालो, "तुम्ही गाडीत बसायचं. दुसरा बँड..."

"दुसरा?" मास्तर उठून उभे राहिले. "बारामतीत माझी मिरवणूक आन् दुसरा बँड? गाडीत तुमच्या भाभींस्नी बसवा. मी म्होरं चालतो."

तसे ठरले आहे. वाचकहो, त्या दिवशी गाडीत हार घातलेल्या आमिनाभाभी दिसतील आणि गाडीपुढे सत्कारमूर्ती स्वतः वाजवत चाललेले दिसतील. दस्तगीर मास्तरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या छातीत दम राहो, ओठांत बळ राहो. ज्यांच्या लग्नात त्यांनी वाजवले, त्यांच्या नातवंडांच्या लग्नातही त्यांनीच मिरवणुकीच्या पुढे चालावे, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्या मागून नाचत यावे.