मोरी-सानांच्या रिव्हॉल्व्हरची झीज

२०१७ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या साली मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, पोरीला तर नाहीच. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलो तर मी ते गोड करून सांगेन. म्हणून लिहितो.

मला जुनी रिव्हॉल्व्हरं आवडतात. दचकू नका. जपानात खरं कोण ठेवू देतंय? ही नकली. जड प्लास्टिकची, नळी बंद, गोळी सुटत नाही. पण घोडा मागं ओढला की चक्र खट्‌कन फिरतं. कोरं करकरीत मला नको. वापरलेलं हवं — काळा रंग उडालेला, कडा राखाडी पडलेल्या, लाकडी मूठ घामानं गडद झालेली. जुन्या मालाच्या दुकानात असलं काही दिसलं की माझा हात आपोआप पुढं जातो. ओरखडा बघून वाटतं, हे कुणीतरी हाताळलंय.

इथल्या कावासाकी शहरात आमची काही म्हाताऱ्यांची मंडळी रविवारी कम्युनिटी सेंटरच्या खोलीत जमते. जो तो आपलं एक घेऊन येतो. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, मान लववायची. तिथं मोरी-सान यायचे — सान म्हणजे आपलं ‘राव’. निवृत्त बसचालक. त्यांचं रिव्हॉल्व्हर तरुणपणी कोरं घेतलेलं. रोज कामावरून आले की मांडीवर घेऊन बसायचे, घोडा ओढायचे, सोडायचे. घोड्यावर अंगठ्याएवढी जागा चकचकीत झाली होती. मुठीला बोटांचे खळगे. खोलीत सगळे आधी तेच मागायचे.

आणि माझी? माझ्याकडं त्यांच्यापेक्षा जास्त होती. पण सगळ्यांवरची झीज परक्यांची — मी ती विकत आणलेली. गाव सोडलं, मग इथं येऊन जन्मभर दुसऱ्याच्या हॉटेलात तंदूर सांभाळला. एक वस्तू तरी इतकी वर्षं माझ्या हातात राहिली का? हे तेव्हा मला सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त जळफळाट होता.

एकदा मी माझ्या एका रिव्हॉल्व्हरला पॉलिश पेपर घासून झीज आणली. मोरी-सानांनी ते फिरवून पाहिलं आणि हसले. “माने-सान, ही झीज फार घाईत होती हो!” सगळी खोली हसली. मीही हसलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं — हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी ते वाक्य मी घरी आणलं आणि जपलं.

पुढं त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग तुटली होती. दुरुस्तीत माझा हात चांगला, हे सगळ्यांना माहीत. रुमालात गुंडाळून ते मला देत म्हणाले, “फक्त स्प्रिंग तेवढी. बाकी आहे तसंच.”

स्प्रिंग मी पहिल्याच दुपारी बसवली.

मग — थांबलो नाही. बारीक पेपर घेतला. एकेक कड घासली, खळगे भरले, अंगठ्याची ती जागा सपाट केली. काळं करायचं औषध लावलं, पुसलं, परत लावलं. कित्येक दिवस. इतकं मन लावून मी कधी रोटीसुद्धा भाजली नसेल. बायको म्हणाली, “दुसऱ्यासाठी किती राबताय हो!” मी पेपर घासत राहिलो. चूक झाली असती तर तुम्हालाही सांगितलं असतं, की बाबा, गैरसमज झाला. गैरसमज कसला? मला नीट कळत होतं मी काय पुसतोय.

मोरी-सान काठी टेकत पुन्हा आले, त्या रविवारी मी रुमाल उघडला. दुकानातल्यासारखं काळंभोर. मंडळी वा-वा करायला लागली. मोरी-सानांनी दोन्ही हातांनी घेतलं. त्यांचा अंगठा घोड्यावर गेला — जरा डावीकडं सरकला, मग वर, मग पुन्हा खाली. मग थांबला. त्यांनी खूप खाली वाकून मला सांगितलं, “फार मेहनत घेतलीत.” आवाज नेहमीचाच.

मीही वाकलो. म्हणालो, तुमच्यासाठी एवढंही नाही करणार का?

ते अजून येतात. रिव्हॉल्व्हर आणत नाहीत. मंडळी आता आधी माझं मागतात.

त्या रविवारी मला शांत झोप लागली. सोमवारी सकाळी उठलो, चहा घेतला, खिडकीशी बसून माझं रिव्हॉल्व्हर मांडीवर घेतलं. उजेडात त्याच्या उडालेल्या कडा बघत बसलो — आणि फार दिवसांनी ते मला मनापासून आवडलं.