वीस ओळींचं टोपरं

बालवर्गाच्या मावशीची ओळख तिच्या हातांपासूनच करून द्यावी लागेल. त्या हातांनी ती सकाळी वर्ग झाडायची, पाण्याचं पिंप भरायची, चौदा नाकं पुसायची. आणि सगळं उरकलं की तेच हात सुया घेऊन बसायचे. बावीस वर्षांत तिच्या विणकामाला कधी भोक निघालं नव्हतं. याचा तिला तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

त्या दुपारी तिच्या मांडीवर नातीचं टोपरं होतं. जाड पिवळ्या लोकरीचं, मोजून वीस ओळींचं. लेक तान्हीला घेऊन चार वाजता जीपनं सासरी निघणार होती, थंडीच्या मुलखात. आता फक्त वरचं तोंड आवळून गाठ मारायची राहिली होती. मावशीनं टोपरं उजेडात धरलं. सातव्या ओळीत टाका निसटला होता. भोकातून खिडकी दिसत होती.

बाई मीटिंगला गेल्या होत्या आणि जाताना उलटे अंक घोटून घ्यायला सांगून गेल्या होत्या. पोरांचं उलट्या अंकांशी वाकडं होतं. विसापासून निघायची, सतरापर्यंत शहाण्यासारखी उतरायची, आणि तिथं पाय घसरल्यागत पुन्हा अठरा, एकोणीस करत वर पळायची.

मावशीनं भोकाकडे पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं. विसापासून सातापर्यंत ओळी चौदा. पोरंही चौदा. तिनं त्यांना रांगेत उभं केलं. एकेकानं पुढं यायचं, एक ओळ उसवायची आणि तिचा आकडा म्हणायचा.

पहिल्या पोरीनं धागा ओढला. टुकटुक करत विसावी ओळ सुटली, लोकर कुरळी होऊन तिच्या मनगटावर नाचली. मग एकोणीस, मग अठरा. सतरा आला तसा गेलाही. वर पळायला आता जागाच उरली नव्हती, सुटलेली ओळ परत आणणार कुठून? पोरं हसायला लागली, मावशीही हसायला लागली. अकरावर एकाला घाईची शू लागली. सात झालं की थांबायचं, असं बजावून मावशी त्याला घेऊन गेली.

पण रांगेचं शेपूट कधीच तोंडाला जाऊन मिळालं होतं. ज्यांची पाळी झाली ती पुन्हा मागे उभी होती. मावशी परतली तेव्हा वर्ग एका सुरात 'शून्य' म्हणत होता आणि वीसही ओळींची लोकर तेराजणांच्या कानांवर लोंबत होती.

सगळ्यात धाकटी पुढं आली. "मावशी, एकदाही चुकलो नाही."

"तेच ना," मावशी खाली बसत म्हणाली, "चुकला असतात तर बरं झालं असतं."

दोन वाजले होते. मावशीनं सुया उचलल्या. एक ओळ पुरी झाली की ती मान हलवायची आणि पोरं किती राहिल्या ते सांगायची. एकोणीस. अठरा. कोणी खाऊचा डबा उघडला नाही. कुणी धागा सरळ करून दिला, कुणी तिच्या कपाळावरचा घाम फ्रॉकनं पुसला.

पाच राहिल्या तेव्हा लेक तान्हीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. मागून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. धाकटी बाहेर गेली आणि त्याला दटावून आली, "काका, अजून चार आहेत." तो रागानं आत आला, पोरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसला, आणि दोनवर पोहोचेपर्यंत त्याचाही आवाज त्यांच्यात मिसळला होता.

शून्याला मावशीनं धागा आवळला, गाठ मारली, टोपरं उजेडात धरलं. खिडकी दिसली नाही.

लेक पाया पडली. मावशीचे डोळे भरून यायचेच होते. पण ड्रायव्हरनं जीपमधून डोकं बाहेर काढून "दहा" म्हटलं, आणि पोरांनी पुढचे आकडे असे काही उचलले की तिला रडायला उसंतच मिळाली नाही. शून्यावर जीप हलली. पिवळं टोपरं मागच्या काचेत वळणापर्यंत दिसत राहिलं.