न आलेल्या विमानाचे कॅप्टन

कॅप्टन हिंदुराव चौगुले रोज सकाळी आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत विमान उडवत असत. लक्ष्मीपुरीत एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमच्या विमान कंपनीचे ऑफिस होते. पुढच्या खोलीत मी तिकिटांचा कारकून म्हणून बसे आणि मागच्या खोलीत कॅप्टन एका लाकडी खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, एक हात इकडे, दुसरा तिकडे असे काहीतरी करीत असत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दार लोटून आत पाहिले तेव्हा मला वाटले, गृहस्थ संध्या करताहेत. मी चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून उभा राहिलो. डोळे न उघडताच ते म्हणाले, "बसा की पावणं. आत्ता कराडावर हाय. उतरलो की बोलू."

त्यांच्या पुढ्यात प्लायवूडचा एक मोठा बोर्ड उभा होता. त्यावर काटे, तबकड्या आणि बटणे रंगवलेली होती, आणि दांड्यांच्या जागी खऱ्या लाकडी मुठी बसवलेल्या होत्या. हे काम म्हादू पेंटरचे. म्हादू एरवी सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. कंपनीने मागवलेल्या नव्या विमानाचे माहितीपुस्तक विलायतेच्या कारखान्याने आगाऊ पाठवले होते. त्यातले चित्र बघून त्याने वैमानिकाच्या समोरची सगळी मांडणी जशीच्या तशी उतरवली होती. फक्त रिकामी जागा त्याला बघवत नसे, म्हणून एका कोपऱ्यात त्याने गुलाबाचे फूल काढून ठेवले होते. कॅप्टनांनी ते पुसू दिले नाही. कोणी विचारलेच तर ते गंभीरपणे सांगत की तो इंधनाचा काटा आहे.

कॅप्टन मूळचे गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. वडिलांनी त्यांना कोल्हापुरात शिकायला ठेवले, तर हे तालमीत जाऊन पैलवान झाले. मुडपलेले कान ही त्या दिवसांची खूण होती. मग युद्ध सुरू झाले, हे वायुदलात गेले आणि ब्रह्मदेशावर डाकोटा विमाने चालवून परत आले. इतके सगळे होऊनही बोलणे गावाकडचे ते गावाकडचेच राहिले. इंग्रजी ते फक्त विमानाशी बोलत. खुर्चीतल्या या रोजच्या कसरतीला ते मेहनत म्हणत, आणि मी चेष्टा केली की त्यांचे उत्तर ठरलेले असे. "कुस्ती लागू दे न्हायतर नको लागू दे, देशपांडे, जोर चुकवायचं न्हाईत."

कुस्ती मात्र लागतच नव्हती. आमच्या कंपनीकडे दोन जुन्या डाकोटा होत्या. कंपनीचे मालक असलेल्या मुंबईच्या शेटजींनी विलायतेला एक नवे, लहानसे, दोन इंजिनांचे विमान मागवले आणि ते आले की कोल्हापूर-मुंबई रोज सेवा सुरू करायचे ठरवले. इथवर ठीक होते. पण विमान पावसाळ्याच्या आधी नक्की येणार या भरवशावर त्यांनी एक डाकोटा आसामकडे माल वाहायला भाड्याने देऊन टाकली. नव्या विमानाचे कप्तान म्हणून चौगुल्यांचे नाव जाहीर केले आणि त्यांची डाकोटावरची जागा दुसऱ्याला दिली. कॅप्टन अशा रीतीने नव्या विमानाचे झाले, आणि नवे विमान विलायतेलाच राहिले.

आधी कारखान्यात संप झाला. मग कसला तरी सुटा भाग मिळेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुसरा पावसाळा आला. उरलेली एकटी डाकोटा सगळीकडे पुरी पडेना, म्हणून कोल्हापूरच्या फेऱ्या कमी झाल्या. तिचे वैमानिक राबून थकले आणि त्यातले दोघे सोडून गेले. पहिल्या दिवसाचे पहिले तिकीट काढून बसलेले एक गुळाचे व्यापारी रोज मार्केटला जाता जाता खालूनच हाक मारीत, "आलं का हो इमान?" मी खिडकीतून मान हलवी आणि ते पुढे जात. पुढे पुढे त्यांनी विचारणेही सोडले, नुसतेच वर बघून जाऊ लागले.

कॅप्टन मात्र शांत होते. सकाळी मेहनत, मग सायकलीवर टांग मारून उजळाईवाडीच्या माळावर जायचे, धावपट्टीवर चरणारी गुरे हाकलायची, खड्डे बुजवून घ्यायचे. लायसन जिवंत राहावे म्हणून अधूनमधून मुंबईला जाऊन डाकोटात थोडे उडावे लागे, आणि तेही आपल्याच हाताखाली तयार झालेल्या पोरांच्या शेजारी, दुय्यम बैठकीवर बसून. तिथून आले की दोन दिवस मागच्या खोलीतली मेहनत दुप्पट चाले. तशात कलकत्त्याच्या एका कंपनीने त्यांना डाकोटाचे कप्तानपद देऊ केले. मी म्हटले, जा. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनीही, बांधाबांध करायची तयारी दाखवली. कॅप्टन नाही म्हणाले. कोल्हापूरच्या मातीवरून रोज उठणारे पहिले विमान कोल्हापूरच्या माणसाने न्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. कप्तान म्हणून हे आपले शेवटचे विमान असेल तरी चालेल, पण ते हेच, असे ते म्हणत.

वहिनी डबा घेऊन येत तेव्हा त्या बोर्डाकडे तिरक्या नजरेने बघत. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, सवत यायची म्हटली तरी बाई इतकी वाट बघायला लावत न्हाय." कॅप्टन हसले, पण डोळे मिटलेलेच होते. ते तेव्हा उतरत होते, आणि उतरताना ते कोणाशीही बोलत नसत. पुढे पुढे त्यांचा हात इतका बसला की म्हादू कधी गंमत म्हणून त्यांच्या डोळ्यांना पंचा बांधी आणि एकेका दांड्याचे नाव घेई. हात सुटे तो थेट मुठीवर. म्हादूला याचा इतका अभिमान की तो रस्त्यावरची माणसे माडीवर आणून हा खेळ दाखवी.

आणि मग एके दिवशी विमान खरेच आले. सरकार सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेणार अशी कुणकुण तेव्हा लागली होती, त्यामुळे शेटजींना आता एक आठवडाही थांबायचे नव्हते. पुढच्या सोमवारी सेवा सुरू, अशी जाहिरात त्यांनी देऊनही टाकली. करमरकर नावाचा तरुण वैमानिक कॅप्टनांचा दुय्यम म्हणून नेमला होता; कॅप्टन धावपट्टीच्या तयारीसाठी कोल्हापुरातच थांबले. विलायतेहून विमान आणणाऱ्या माणसाकडून मुंबईत चार दिवस धडे घेऊन तो ते कोल्हापूरला घेऊन आला. माळावर ही गर्दी. हलगी वाजत होती, गुळाच्या व्यापाऱ्यांनी विमानाच्या नाकाला हार घातला, वहिनींनी चाकांवर पाणी ओतून कुंकू लावले. म्हादू नव्या सदऱ्यात आला होता. कॅप्टनांना लोकांनी फेटा बांधला. तो उतरवून त्यांनी माझ्या हातात दिला आणि शिडी चढून ते आत गेले.

सरावासाठी दोनचार वेळा उठायचे आणि उतरायचे होते. हौसेने मीही मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटले होते की ते बसल्याबरोबर हात फिरवतील. ते बराच वेळ नुसते समोर बघत राहिले. मधल्या दिरंगाईत कारखान्याने आतली मांडणी बदलली होती. फार नाही. काही तबकड्या सरकल्या होत्या आणि दोन दांड्यांची अदलाबदल झाली होती. एक चाकांचा, दुसरा पंखांमागच्या झडपांचा. उतरताना या झडपा खाली सोडतात आणि जमिनीला लागल्यावर वर घेतात. करमरकरने सगळे नीट समजावून सांगितले. कॅप्टनांनी मान डोलावली.

उठलो झकास. पंचगंगा दिसली, जोतिबाचा डोंगर दिसला, आणि मला तर माझे घरही दिसल्यासारखे वाटले. उतरलोही अगदी अलगद. चाके जमिनीला लागली, आणि झडपा वर घ्यायला म्हणून कॅप्टनांचा हात सुटला तो थेट चाकांच्या दांड्यावर. करमरकरने झटकन त्यांचे मनगट धरले. तो दांडा ओढला गेला असता तर चाके पोटात जाऊन विमान तसेच धावपट्टीवर बसले असते. बाहेर हलगी वाजतच होती.

ते पुन्हा उठले, पुन्हा उतरले. हात पुन्हा तिकडेच निघाला, या वेळी त्यांनी स्वतःच तो अर्ध्यात थांबवला. तिसऱ्या वेळी बरोबर झाले, पण त्यासाठी त्यांना मान खाली घालून दांडा बघावा लागला. इंजिने बंद करून ते बसून राहिले. करमरकर चांगला मुलगा होता. तो म्हणाला, "सर, पंधरा दिवस द्या, हात बसेल. मी शेटजींना सांगतो."

"शेटजींकडं पंधरा दिवस न्हाईत," कॅप्टन म्हणाले. "आणि बसंल की, बसत न्हाय असं न्हाय. पण करमरकर, पाऊस असंल, समोर दिसत नसंल, मागं माणसं वरडत असतील, तवा हात घाबरतोय. आणि घाबरला की त्यो आपल्या जुन्या घराकडं पळतोय. माझ्या हाताचं घर लक्ष्मीपुरीत हाय." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मी मेहनत केली एका गड्यासाठी, आखाड्यात उतरला दुसराच. सोमवारी ह्येच नेतील. लावा तुम्ही शेटजींना ट्रंककॉल."

मला फार वाईट वाटले. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. झाले ते तिघांनाच ठाऊक होते, आणि आम्ही दोघे काही बोललो नसतो. शेटजींनी फोनवर एकदाही त्यांना थांबा म्हटले नाही, याचाही मला राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही. सोमवारी करमरकर विमान घेऊन गेला. माळावर कॅप्टन होते, गुरे हाकलीत होते. गुळाच्या व्यापाऱ्यांनी आत चढताना विचारले, तुम्ही येत नाही का? ते म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथली वाट मोकळी ठेवतो.

पुढचे सांगून टाकतो. कलकत्त्याची जागा केव्हाच भरली होती. कॅप्टन मुंबईला डाकोटावर गेले, तेही दुय्यम म्हणून. सरकारने कंपन्या घेतल्यावर काही वर्षांनी त्यांना कप्तानपद परत मिळाले, असे वहिनींनी गडहिंग्लजला जाता-येता मला सांगितले. कोल्हापूरला मात्र त्यांची नेमणूक कधीच झाली नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले, ते मुंबईला निघाले तेव्हा, कोल्हापूरच्या स्टेशनवर. आदल्या दिवशी म्हादू रंगाचे डबे घेऊन आला होता. झाल्या प्रकाराने तो बिचारा खचला होता, सगळा दोष आपल्या ब्रशाचा समजत होता. बोर्ड पुसून नवी मांडणी रंगवून देतो म्हणाला. कॅप्टनांनी त्याला चहा पाजला आणि करमरकरसाठी दुसऱ्या प्लायवूडवर नवा बोर्ड करायला सांगितले. जुन्याला हात लावू दिला नाही.

तो जुना बोर्ड ते बरोबर नेत होते. पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून. एका बाजूने पोते सरकले होते आणि गुलाबाचे फूल दिसत होते. हमालाने तो डोक्यावर घेण्याआधी खालीवर करून पाहिला आणि विचारले, "पावणं, ह्ये काय म्हणायचं?"

"इमान हाय," कॅप्टन म्हणाले. "दोन वरसं चालवलं, एकदाबी खरचटू दिलं न्हाय. जरा बेतानं उतरवा."