नणंदेच्या हाताखाली माझी मान

लग्न होऊन मी बीडकडून आकुर्डीला आले, तेव्हा घरात माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण, दोघंच होते. नणंद विधवा होती. आई लवकर गेल्यामुळे भावाला तिनेच वाढवलं होतं, आणि त्या घरात दुसरी बाई आलेली तिला पहिल्या दिवसापासून खपली नाही. मलाही ती खपली नाही. आज वय झालं म्हणून हे मी मऊ करून सांगणार नाही.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. पिंपरीत औषधांच्या एका कंपनीत मला काम लागलं. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या दिव्यापुढे धरायच्या, उलट्या करायच्या, आत काचेचा कण, केस, धागा दिसतो का ते बघायचं. दिसला की बाटली बाजूला. सबंध पाळीभर मान खाली आणि डोळे बाटलीत. मला ते काम आवडायचं. नणंदेच्या मात्र ते डोळ्यात सलायचं. या घराची ज्वारीच्या शेताची पट्टी एका कारखान्यासाठी गेली होती, तेव्हापासून ‘कंपनी’ हा शब्द तिच्या तोंडून शिवीसारखाच निघायचा. मी कामावरून परतले की ती उंबऱ्यावर बसलेली असायची.

“आली बया बाटल्या बघून. आता भांडी बी बघ, कवाची पडल्यात.”

मी दात आवळून आत जायची, घागर उचलायची आणि नळाची वाट धरायची. उत्तर दिलं असतं तर निदान आतलं बाहेर तरी पडलं असतं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. तिने मागून हाक मारली, मी वळून बघायला गेले आणि मानेत डावीकडे अशी कळ निघाली की हातातली भाकरी परातीत गळून पडली. मान तिथेच अडकली. इकडे होईना, तिकडे होईना.

“नाटकं,” नणंद म्हणाली. “कंपनीत जायला मान हाय, चुलीपुढं न्हाई.”

नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मला दवाखान्यात जायचं होतं, पण भावजय एकटी हिंडते असं गावाने म्हणू नये, म्हणून तीच सोबत निघाली. माझ्या पुढे दहा पावलं चालत होती आणि दर वळणावर थांबून, “चल की, का पालखी आनू?” म्हणत होती.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण माणूस नीट. पडलात का, ताप आहे का, हाताला मुंग्या येतात का, सगळं त्याने विचारलं. बोटांनी मान आणि खांदे चाचपले.

“हाडाला काही नाही. स्नायू आखडलेत. मान तासन्‌तास एकाच जागी धरून ठेवली की असं होतं. शेक घ्या. झेपेल तितकी मान हळूहळू हलवत राहा, नुसत्या पडून राहू नका. काम करताना मधूनमधून मान वर करा. डोक्यावर घागर काही दिवस नको. हात बधिर झाला किंवा हातातली ताकद गेली, तर लगेच परत यायचं.” मग कागदावर गोळी लिहिता लिहिता त्याने विचारलं, “घरी काही ताण?”

नणंद शेजारच्या बाकावर पदर सावरून बसली होती.

“नाही,” मी म्हटलं.

“काय बी न्हाई,” तीही म्हणाली.

त्या दिवसापासून पाणी ती भरू लागली, पण असं की सगळ्या आळीला कळावं. घागर डोक्यावर आणि तोंडात मी. “आमच्या सूनबाईंच्या मानेला डाक्टरनं सुट्टी दिली हाय!” नळावरच्या बाया हसायच्या. आत चुलीजवळ मला ते ऐकू यायचं आणि शेकाने सैल झालेली मान पुन्हा दगड व्हायची.

आठवडा गेला तरी मी धड वळू शकत नव्हते. नवऱ्याला काळजी वाटली, म्हणून तो तालमीतल्या एका पैलवानाला घेऊन आला. पैलवान म्हणाला, एक झटका देतो, काटकन आवाज होईल, संपलं. त्याने माझ्या हनुवटीला हात घातला न घातला, तोच नणंद परसातून तांब्या घेऊन धावत आली.

“हात काढ! कोंबडीची मान हाय का ती? तिची मोडली तर या घरात काम कोन करनार, तू?”

पैलवान निघून गेला. नवरा काही बोलणार होता, त्यालाही तिने, “गप, आन्लंस मोठं शानपन,” म्हणून बाहेर घालवलं. मग वाटीत तेल कोमट केलं, माझ्यामागे पाट ओढला आणि न विचारता माझा पदर खांद्यावरून सारला.

तिचे हात खरखरीत होते. मी अंग चोरलं. पण ते हात जोर करत नव्हते. अंगठा मानेच्या कडेने खाली खांद्यापर्यंत सावकाश यायचा, जिथे गाठ लागायची तिथे थांबायचा, ती मऊ पडली की पुढे सरकायचा. तोंड मात्र चालूच होतं. माझ्या माहेरच्यांनी मला काय शिकवलं, माझी भाकरी कशी कडेला फाटते, भाऊ माझ्यामुळे कसा वाळला. आणि मग मध्येच तिचा हात थांबला.

“आगं, ह्यो खांदा वर येतोय.”

“मी काही करत नाहीये.”

“येतोय म्हंते ना. मी बोलले की कानाला लागतोय, गप बसले की खाली जातोय. बघ.” ती गप बसली. खांदा खरंच उतरला. “आन आता बघ, तुझ्या आईला...”

खांदा वर गेला. मलाही कळला तो, पहिल्यांदाच. इतके दिवस मी खांदे कानाशी नेऊन हिंडत होते आणि मला पत्ता नव्हता.

“मग बोलू नका,” मी म्हटलं.

मला वाटलं, ती वाटी आपटेल. तिने आपटली नाही. “बरं,” म्हणाली, आणि उरलेलं तेल एक शब्दही न बोलता जिरवलं. मग उठली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन बसली, तशीच मुकी. पुढे कित्येक दिवस तसंच चाललं. मला तिचा स्पर्श नको होता आणि त्याची वाटही बघत होते. त्याचाच मला जास्त राग यायचा.

कंपनीत मी खांद्यांवर लक्ष ठेवू लागले. सुपरवायझरच्या बुटांचा आवाज आला की तेही चढायचे. मी लांब श्वास सोडायची आणि त्यांना खाली पाडायची. बाटल्यांच्या ट्रेखाली मी एक रिकामं खोकं उपडं घातलं, म्हणजे वाकायला कमी लागेल. सुपरवायझर म्हणाला, “इथं काय दुकान मांडलंय?” मी म्हटलं, “खोकं काढलं तर मान जाईल, आणि मान गेली तर खराब बाटली नजरेतून सुटेल.” तो कुरकुरत गेला. खोकं राहिलं.

मान सुटली तशी नणंदेची जीभही सुटली. आता साऱ्या गावात एकच गोष्ट: मी हिला हातानं चोळून उभी केली आन ही माझं तोंड बंद करती. ते खोटं नव्हतं, म्हणून मला अधिकच झोंबलं. आमची भांडणं आता उघड व्हायला लागली. शेवटी नवऱ्याने संत तुकाराम नगरात भाड्याने खोली घेतली. निघताना ती दाराशी आली नाही. आतूनच ओरडली, “जा, तिकडं कोन चोळतंय बघते!”

तिकडे मीच चोळायची, हात पोचेल तेवढं. मला वाटलं होतं, ती नजरेआड झाली की मान आपोआप ठीक राहील. तसं झालं नाही. रिकाम्या खोलीत भांडी घासतानाही मी मनात तिच्याशी भांडायची आणि खांदे चढायचे. ती समोर नसताना तिच्यावर राग करायचं थांबवायला मला बरीच वर्षं लागली, आणि पूर्ण थांबलं असं आजही म्हणवत नाही.

पुढे ऐंशीच्या आसपास आकुर्डीत भावकीतलं लग्न होतं. पंगतीत ती नेमकी माझ्या शेजारी बसली आणि समोरच्या बायकांना सांगू लागली, “हिची मान माझ्यामुळं नीट झाली, विचारा.”

“बिघडली पण तुमच्यामुळंच, वन्सं,” मी सगळ्यांसमोर म्हटलं.

बायका हातातले घास धरून थांबल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. “व्हय? आन आता कशी हाय?”

“बरी आहे.”

“मंग गप जेव,” ती म्हणाली, आणि वाढप्याला हाक मारून स्वतःच्या पानात आणखी भात घ्यायला लागली.