खोकलेमास्तरांचं जिवंत राहणं

"मी मेल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही," असं खोकलेमास्तर सांगायचे. न्हाव्याच्या खुर्चीत मान मागं टाकून सांगायचे, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे, आणि बायको भाजी निवडत असली की तिलाही सांगायचे. ती म्हणायची, "सरकली हो. आता जरा पाय बाजूला सरकवा, खाली देठ पडलेत."

बोलण्यात खोटं काही नव्हतं. मास्तर सिनेमात कामं करायचे आणि प्रत्येक सिनेमात मरायचे. कधी नायकाचे वडील होऊन, कधी नायिकेचे मामा होऊन, कधी कारखान्यातले म्हातारे मुकादम होऊन. पडद्यावर आले की आधी खोकायचे. तो खोकला ऐकला की थिएटरातल्या लोकांना कळायचं, या माणसाला काही मध्यंतर दिसत नाही. मग नायक त्यांच्या उशाशी शपथ घ्यायचा, मास्तर मान टाकायचे, आणि गोष्ट खरंच पुढं सरकायची.

हा खोकला त्यांच्या वाट्याला आला तो चुकून. तरुणपणी ते लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि भुसा छातीत जाऊन बसला होता. जवळच कुठंतरी चित्रीकरण चाललेलं, गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती, म्हणून गेले. पुढं एक नामांकित नट अंथरुणावर मरत होता, आणि ऐन त्याच्या शेवटच्या वाक्याला मागं मास्तरांना ढास लागली. सगळे त्यांच्या अंगावर धावले. दिग्दर्शक मात्र डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, याला अंथरुणावर घ्या, त्याला गर्दीत उभं करा. त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा मेले. पुढं छातीतला भुसा गेला, खोकला राहिला. तिशी उलटायच्या आत त्यांना पांढऱ्या मिशा चिकटवायला लागले, आणि त्या काढून ठेवायची वेळ आली तेव्हा खालून खऱ्याच पांढऱ्या निघाल्या.

मास्तरांना आपल्या कलेचा गर्व होता. गरिबाचा खोकला कोरडा असतो, श्रीमंत माणूस रुमालात खोकतो, आणि पश्चात्ताप झालेला माणूस अर्धा खोकून उरलेला गिळतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवायचे. मोरीचं दार लावून सराव चालायचा. पलीकडून शेजारीण भिंतीवर थापा मारायची. मुलगी लहान असताना बापाला पडद्यावर पहिल्यांदा मरताना बघून थिएटर डोक्यावर घेईल इतकी रडली होती. पुढं तिलाही सवय झाली. बाप पडद्यावर उशीला टेकला की ती आईला म्हणायची, "आता वेळ लागेल, मी शेंगदाणे घेऊन येते."

हे सगळं मास्तर हसण्यावारी न्यायचे. लागलं ते मेहुण्याचं बोलणं. चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत, तो म्हणाला, "भावजी, मरायला काय, कुणीही मरतं. एकदा शेवटपर्यंत जगून दाखवा, मग तुम्हाला कलाकार म्हणतो." मास्तरांचा घास हातात राहिला. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, की काम कायमचं सोडण्याआधी एका तरी सिनेमात जिवंत राहायचं. ज्याच्या त्याच्याकडे तशी मागणी केली. लोक म्हणत, मास्तर, मग आमच्या गोष्टीचं कसं व्हायचं?

आणि उतारवयात एक तरुण दिग्दर्शिका आली. पायात बूट, गळ्यात शिट्टी. तिनं सांगितलं, "काका, यात तुम्ही आजोबा आहात आणि शेवटपर्यंत आहात. मरत नाही." मास्तरांनी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग घरी येऊन बायकोला म्हणाले, "या वेळी तू बघायला यायचं." बायको आजवर एकदाही गेली नव्हती. घरी बघते तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं. पण नवऱ्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता, म्हणून तिनं डबा भरला आणि गेली.

प्रसंग सोपा होता. नोकरीसाठी सून घर सोडून लांब निघालीय, ती आजोबांसमोर बसून मनातलं सगळं सांगते, आजोबा ऐकतात, आणि शेवटी एवढंच म्हणतात, "जा. घर मी बघतो."

नटीनं पहिलं वाक्य म्हटलं आणि मास्तर खोकले. पुन्हा केलं, पुन्हा खोकले. तिसऱ्या वेळी खोकला दाबला तर हात आपोआप छातीवर गेला. हात मांडीखाली दाबून बसवला तर मान कलली. नेहमीच्या वाटेला लागलेला बैल मालक झोपला तरी घरी येतो, तसा मास्तरांचा देह कुणी न सांगता अंथरुणाकडे निघाला होता. दिवेवाले तोंडाला हात लावून हसायला लागले.

दिग्दर्शिका शेजारी येऊन बसली. रागावली नाही, आणि तेच मास्तरांना जड गेलं. "काका, तुम्ही खोकलात की लोक तुमच्या मरणाची वाट बघत बसणार. मग मला तुम्हाला मारावंच लागेल." जेवणानंतर एकदा बघू, म्हणाली. नाही जमलं तर आजोबा आधीच गेले असं करू, सून रिकाम्या खुर्चीशी बोलेल. तेही वाईट दिसणार नाही.

जेवताना मास्तरांनी डब्याला हात लावला नाही. "नुसतं बसलो की काही करतोय असं वाटतच नाही," म्हणाले. "रिकाम्या खुर्चीवर आलं गं माझं." आवाज फुटला होता, आणि या वेळी तो मोरीत घोटलेला नव्हता.

बायकोनं पोळीचा तुकडा मोडला. "घरी मी बोलत असते तेव्हा कधी खोकलात?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. नव्हते खोकले.

"का नाही खोकत? कारण ऐकतच नाही तुम्ही. तसे बसा. ती मी आहे आणि छप्पर गळतंय असं सांगतेय, असं समजा."

मास्तर बसले. नटी बोलायला लागली. त्यांची नजर खिडकीवर गेली आणि तिथंच थांबली, खांदे सैल झाले, चेहऱ्यावरून सगळे भाव ओसरले आणि संध्याकाळच्या तळ्यासारखी शांतता पसरली. हसणारे दिवेवाले गप्प झाले. नटीला आपलं दुःख इतकं कुणी ऐकतंय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि तिला खरं रडू आलं. बायकोला मात्र तो चेहरा पाठ होता. छप्पर गळालं तेव्हाचा हाच, आई आजारी असल्याचं तिनं सांगितलं तेव्हाचा हाच. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती समजत होती, हे विचार करतायत.

नटी बोलायची थांबली. बोलणं थांबलेलं मास्तरांना घरीही बरोबर कळायचं. ते म्हणाले, "जा. घर मी बघतो."

दिग्दर्शिकेचे डोळे भरले. "काका, हे ऐकणं आणलंत कुठून?"

"साधना असते, बाई," मास्तर म्हणाले. बायकोनं डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

ऊन उतरताना शेवटचं दृश्य घेतलं. सुनेला निरोप देऊन आजोबा घराकडे परततात, कॅमेरा पाठीमागून बघतो. मास्तरांनी विचारलं, कसं जाऊ? आजवर प्रत्येक सिनेमातून त्यांना उचलून नेलं होतं. दिवेवाला म्हणाला, "पायांनी."

मास्तर निघाले. पहिली चार पावलं अवघडलेली, मग चाल मोकळी होत गेली. गल्लीच्या टोकाला थांबायचं ठरलं होतं, तिथं थांबले नाहीत. दिग्दर्शिकेनं शिट्टी फुंकली, तरी थांबले नाहीत. ती, नटी, दिवेवाले, सगळे तसेच बघत उभे राहिले. बायको खुर्चीवरून उठली, त्यांचा घरचा सदरा हातावर घेऊन. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतके ते अजून जवळ होते. तिनं मारली नाही. पाठ ताठ, हात मोकळे सोडलेले, असा तिचा नवरा चालत चालत वळणाआड गेला.